हिशेब मागणारा दिवाण : ग्वाल्हेरचे सर दिनकरराव राजवाडे

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असतं. 1861 च्या कायद्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने 1862 मध्ये आपल्या कायदेमंडळावर तीन भारतीय नेमले : पतियाळाचे महाराज, बनारसचे राजे आणि सर दिनकरराव. पहिल्या दोघांची ओळख त्यांच्या पदातच आहे. तिसऱ्याचं मात्र नुसतं नाव. हे कोण, कुठले, काय केलं म्हणून तिथे जाऊन बसले, हे पुस्तक सांगत नाही आणि परीक्षेतही कोणी विचारत नाही. मराठी माणसाने तरी ते विचारायला हवं. कारण हे दिनकरराव राजवाडे आपले कोकणातले, आणि त्यांनी आयुष्य घालवलं ते ग्वाल्हेरात.

दिनकररावांचा जन्म 20 डिसेंबर 1819 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घराणं चित्पावन ब्राह्मणांचं. पूर्वजांनी शिंद्यांच्या दरबारी चाकरी केलेली होती. त्या काळी कोकणातला हुशार मुलगा पोटापाण्यासाठी देशावर यायचा आणि तिथून पुढे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर अशा मराठी संस्थानांत जायचा. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला होता, त्याचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. तिथल्या वाड्यांत मराठी बोललं जायचं, दफ्तरात मराठी लिहिलं जायचं. म्हणजे गाव परकं असलं तरी भाषा घरचीच. दिनकरराव पंधराव्या वर्षी संस्थानच्या नोकरीत लागले. इंग्रजीचा गंध नव्हता. ब्रिटिश कारभाराचं शिक्षण तर त्यांना कधीच मिळालं नाही. जे काही शिकले ते दफ्तरात बसून, वह्या चाळून आणि गावोगाव फिरून.

त्यांच्या तरुणपणी ग्वाल्हेरची अवस्था फार वाईट होती. 1843 मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. त्यांना मूल नव्हतं, म्हणून विधवा ताराबाईंनी एक मुलगा दत्तक घेतला. तेच पुढचे जयाजीराव महाराज. तेव्हा त्यांचं वय आठ-नऊ वर्षांचं. राजा लहान, दरबारात दोन तट आणि फौजेचा पगार थकलेला. त्या भांडणात इंग्रज उतरले आणि 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिआर अशा दोन ठिकाणी लढाया होऊन ग्वाल्हेरची फौज हरली. पुढच्या महिन्यात तह झाला. संस्थानची स्वतःची फौज कमी करण्यात आली. उलट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची तैनाती फौज, म्हणजे कंटिन्जन्ट, संस्थानच्या खर्चाने वाढवण्यात आली. महाराज सज्ञान होईपर्यंत कारभार मंडळाने पाहायचा, आणि त्या मंडळाने रेसिडेंटचं ऐकायचं, असं ठरलं. तिजोरी रिकामी, बेकार झालेले शिपाई रस्त्यावर आणि सत्ता नेमकी कोणाची हे कोणालाच नीट ठाऊक नाही, अशी परिस्थिती होती.

दिनकररावांकडे आधी एका प्रांताचा कारभार आला. पोलीस आणि वसुली ही दोन खाती त्यांनी नीट लावून दाखवली, तेव्हा दरबाराचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. 1851-52 च्या सुमाराला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास, ते संस्थानचे दिवाण झाले.

दिवाण झाल्यावर त्यांनी काय केलं हे समजायला त्या काळची वसुली समजून घ्यायला हवी. संस्थानांत सारा वसूल करायचं काम बऱ्याचदा मक्त्याने दिलं जाई. मक्तेदार सरकारला एक ठरीव रक्कम द्यायचा आणि मग रयतेकडून हवं तेवढं काढायचा. वरची रक्कम भरली की त्याला कोणी काही विचारत नसे. म्हणजे सरकारचा हिशेब चोख दिसायचा आणि शेतकऱ्याचा कुठे लिहिलाच जायचा नाही. त्यावर आणखी नाना तऱ्हेचे कर, पट्ट्या, नजराणे. व्यापारी माल घेऊन निघाला की नाक्या-नाक्यावर जकात. यात पैसा खाणारे खूप आणि जाब देणारा कोणी नाही.

दिनकररावांनी या गुंत्याला हात घातला. व्यापार-उदीम मारणारे कर काढून टाकले. दंगेधोपे कडक हाताने मोडले. सार्वजनिक कामं काढली. आणि खर्च कमी करायचा म्हणून पगार कापले. ही कात्री त्यांनी स्वतःच्या पगारावरही चालवली. वरच्या माणसाने आधी आपला पगार कमी करायचा, ही गोष्ट आजही ऐकायला बरी वाटते आणि दिसायला दुर्मिळ आहे. थोड्याच वर्षांत संस्थानच्या तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

इथपर्यंत ही एका कर्तबगार अधिकाऱ्याची गोष्ट झाली. पण 1857 आलं, आणि इथे आपल्याला थांबून विचार करावा लागतो.

14 जून 1857 ला मुरारच्या छावणीतली कंटिन्जन्ट फौज उठली. महाराज बावीस-तेवीस वर्षांचे, दिवाण सदतिशीचे. दोघांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. उठलेल्या शिपायांना पगाराची आशा दाखवत, आज-उद्या करत त्यांनी महिनोन् महिने ग्वाल्हेरातच गुंतवून ठेवलं, त्यामुळे आग्र्यावरचं संकट टळलं. पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा महाराजांची स्वतःची फौजही त्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिनकरराव आग्र्याच्या किल्ल्यात गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरात पडली. बंडवाल्यांना खजिना खुला केला म्हणून संस्थानचे खजिनदार अमरचंद बांठिया यांना इंग्रजांनी फाशी दिलं. जी तिजोरी दिवाणांनी पै-पै करून भरत आणली होती, तिच्या पायी त्यांच्याच दरबारातला माणूस फासावर गेला.

दिनकररावांची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ग्वाल्हेरला राणीची समाधी आहे, लोक तिथे फुलं वाहतात. दिवाणांच्या नावाने कोणी फुलं वाहत नाही. त्यांच्या लेखी संस्थान वाचवणं हे कर्तव्य होतं आणि इंग्रजांशी इमान राखल्याशिवाय ते वाचणार नव्हतं. हा हिशेब व्यवहारात बरोबर आला. तरी स्वतःच्या फौजेने ज्यांची साथ सोडली अशा दोन माणसांची ती गोष्ट आहे, हेही खरंच.

बंड शमल्यावर दिनकरराव फार दिवस दिवाण राहिले नाहीत. महाराज आता मोठे झाले होते, त्यांना कारभार आपल्या हातात हवा होता. दोघांचं पटेनासं झालं आणि डिसेंबर 1859 मध्ये दिनकरराव दिवाणगिरीवरून दूर झाले. राज्याची घडी बसवणारा दिवाण गेला आणि रयतेला त्यात काही म्हणायची सोयच नव्हती. तिने त्यांना नेमलं नव्हतं, मग काढताना तरी तिला कोण विचारणार? दिवाणाने मामलेदाराला जाब विचारायचा, महाराजांनी दिवाणाला, रेसिडेंटने महाराजांना, व्हाइसरॉयने रेसिडेंटला. जाब विचारायची ही शिडी फक्त वरून खाली येत होती. खालून वर एकही प्रश्न जात नव्हता.

मग 1862 मध्ये ते कायदेमंडळावर गेले. ऐकायला हे मोठं वाटतं. पण त्या मंडळाला काय अधिकार होते? समोर ठेवलेल्या कायद्यावर बोलायचं, बस्स. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता. अंदाजपत्रकावर चर्चा करता येत नव्हती. कामकाज इंग्रजीत, आणि दिनकररावांनी इंग्रजी शिकायला सुरुवात केली तीच चाळिशीत. शेवटपर्यंत त्यांना ती भाषा सफाईने बोलता आली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस अशा सभेत जाऊन बसला होता, जिथे सरकारची वही उघडून पाहायची सोयच नव्हती.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग यानंतर तेरा वर्षांनी आला. तो ग्वाल्हेरात नाही, बडोद्यात घडला.

बडोद्याला 1870 पासून मल्हारराव गायकवाड गादीवर होते. आधीचे महाराज खंडेराव हे त्यांचे भाऊ. खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून मल्हारराव पादऱ्याला कैदेत पडले होते. भाऊ वारला आणि कैदी राजा झाला. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारींचा ढीग साचला. जादा वसुली, सावकारांची लूट, बायकांना जबरदस्तीने राजवाड्यात आणून लौंड्या म्हणून ठेवणं, असे आरोप होते. 1873 मध्ये इंग्रज सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसवली. तिने कारभार वाईट आहे असा निष्कर्ष काढला आणि महाराजांना सुधारायला मुदत दिली गेली. दादाभाई नौरोजी काही काळ बडोद्याचे दिवाण झाले, ते याच दिवसांत. पण तिथला रेसिडेंट कर्नल फेअर आणि दरबार यांचं विस्तव आणि पाण्याइतकं सख्य होतं. अखेर नोव्हेंबर 1874 च्या सुरुवातीला मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून रेसिडेंट बदलून मागितला.

आणि 9 नोव्हेंबरला विषाचं प्रकरण झालं. फेअर रोज सकाळी पपनसाचं सरबत घेत. त्या दिवशी दोन घोट घेतल्यावर त्यांना कसंतरी वाटलं, बाकीचं त्यांनी ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं. संशय महाराजांवर गेला. जानेवारी 1875 मध्ये मल्हाररावांना अटक झाली. एका राजाला वसाहतीच्या सरकारने विषप्रयोगाच्या आरोपाखाली पकडलं, ही बातमी देशभर गाजली. मराठी मुलखात तर दुसरा विषयच नव्हता.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज : बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष, शिवाय मीड आणि मेलव्हिल. तीन भारतीय : जयपूरचे महाराज रामसिंह, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव आणि सर दिनकरराव. ज्या महाराजांपासून सोळा वर्षांपूर्वी दिवाण दुरावले होते, त्यांच्याच ओळीत ते आता न्याय द्यायला बसले. आधीच्या चौकशीचे अध्यक्ष मीडसुद्धा याच कमिशनवर होते. म्हणजे कारभार वाईट आहे असा अभिप्राय देऊन झालेला माणूस आता विषाच्या आरोपाचा निर्णय करायला बसला होता. आजच्या कोर्टात वकिलाने यावर पहिल्याच दिवशी हरकत घेतली असती.

महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित बॅरिस्टर आले. फेब्रुवारीच्या शेवटी सुनावणी सुरू झाली. साक्षीदार मुख्यतः रेसिडेन्सीतले नोकर, आया, आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत. यांतल्या महत्त्वाच्या साक्षी माफीच्या आश्वासनावर मिळालेल्या होत्या. बॅलंटाइननी उलटतपासणीत त्या खिळखिळ्या केल्या. त्यांचा एक मुद्दा साध्या माणसालाही पटेल असा होता : जो राजा नुकताच रीतसर खलिता पाठवून रेसिडेंट बदला असं मागतो, तो लगेच त्याला विष कशाला घालेल?

निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. तिन्ही इंग्रजांनी आरोप शाबीत धरला. जयपूरकरांनी महाराजांना निर्दोष मानलं. जयाजीराव आणि दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झालेला नाही असा अभिप्राय दिला.

दिनकररावांच्या या अभिप्रायाची किंमत कळायला ते कोण होते हे आठवावं लागतं. ते बंडखोर नव्हते. 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूने उभे राहिलेले, 1866 मध्ये सरकारकडून केसीएसआय किताब मिळालेले, व्हाइसरॉय ज्यांचा सल्ला घेत असे ते होते. सरकारला काय हवं आहे हे त्यांना कळत नसेल असं मुळीच नाही. शिवाय बडोद्याचा कारभार किती सडला होता हे त्यांच्याइतकं कोणाला समजणार? असलीच घाण त्यांनी ग्वाल्हेरात उपसली होती. तरी प्रश्न विषाचा होता आणि विषाचा पुरावा पुरेसा नव्हता. कारभार वाईट आहे म्हणून माणूस खुनशीही असलाच पाहिजे, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. एका आरोपाची रक्कम दुसऱ्या आरोपाच्या खात्यात जमा करायची नाही, हे दफ्तरात वाढलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

पुढे काय झालं? कमिशनचं मत सरकारवर बंधनकारक नव्हतंच. एप्रिल 1875 मध्ये जाहीरनामा निघाला. विषाच्या आरोपावर सरकार निर्णय देत नाही, पण गैरकारभारामुळे मल्हाररावांना पदच्युत करत आहे, असा त्याचा आशय. त्यांना मद्रासला पाठवण्यात आलं, तिथेच ते 1882 मध्ये वारले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी एक मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव, ज्यांचं नाव आपण आदराने घेतो.

शेवट चांगला झाला की नाही? बडोद्याला उत्तम राजा मिळाला. मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की या सगळ्यात एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. विष कोणी घातलं, ते कळलं नाही. गैरकारभारासाठी राजाला काढलं, पण त्या गुन्ह्याचा उघड खटला चालला नाही. ज्या बायकांना ओढून नेलं, जे सावकार आणि कुणबी नागवले, त्यांना त्या कोर्टात उभं राहून बोलायची संधी मिळाली नाही. सुनावणी झाली ती एका साहेबाच्या पेल्याची. रेसिडेंटला सरकारने बदललं होतं, पण त्याच्या वागण्याचा जाहीर जाब त्याने दिला नाही. स्वतः नेमलेलं कमिशन अडचणीचं बोललं तेव्हा सरकारने दुसरी वाट काढली, आणि त्या सरकारला जाब विचारणारी सभाच देशात नव्हती. लफडं राजाचं म्हणून सुरू झालं, ते सरकारचं होऊन संपलं.

लोकांना हे कळत होतं. देशी वर्तमानपत्रांनी या खटल्यावर रकानेच्या रकाने लिहिले. मराठीत आणि बंगालीत त्यावर नाटकं झाली. 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर बंधन घालणारा कायदा आला, 1878 मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा. त्या कायद्यांना इतरही कारणं होती. पण सभेत प्रश्न विचारता येत नाही, म्हणून लोक नाटकात आणि वर्तमानपत्रात विचारू लागले, आणि सरकारने तीही दारं लोटायला घेतली, हा क्रम वाङ्मय मंडळाच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दिनकररावांचं सरकारदरबारी यामुळे काही बिघडलं नाही. त्यांना जहागीर मिळाली, राजा हा किताब वंशपरंपरेने मिळाला. बडोद्याच्या आधी, 1873 मध्ये, धोलपूरच्या अल्पवयीन राणांचे पालक म्हणूनही त्यांना नेमलं होतं, पण तब्येतीमुळे ते काम त्यांनी लवकरच सोडलं. विचाराने ते जुने राहिले. सामाजिक सुधारणा त्यांना पटत नसत. काँग्रेस निघाली तेव्हा ते तिच्यापासून लांबच राहिले. चांगला कारभार म्हणजे चांगल्या माणसाने वरून चालवलेला कारभार, अशीच त्यांची समजूत शेवटपर्यंत असावी असं त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटतं. लोकांनी खालून जाब विचारावा, ही कल्पना त्यांच्या पिढीची नव्हती. 1892 च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारायचा आणि अंदाजपत्रकावर बोलायचा मर्यादित हक्क मिळाला. दिनकररावांना त्या सभेतून बाहेर पडून तोवर बरीच वर्षं झाली होती. 9 जानेवारी 1896 ला ते वारले.

आता आपल्याकडे विधानसभा आहे, लोकसभा आहे, 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. तरी घोटाळा बाहेर आला की पहिली मागणी काय होते? चौकशी समिती नेमा. ती नेमली की आरडाओरडा शांत होतो आणि समितीचं काय झालं हे विचारायला कोणी उरत नाही. ग्वाल्हेरच्या आजच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको. 2013 मध्ये उघडकीला आलेल्या मध्य प्रदेशातल्या व्यापम प्रकरणाची झळ त्या शहरालाही लागली. परीक्षा देणाऱ्या मुलांचाच तो प्रश्न होता. तपासावर विश्वास बसेना, म्हणून 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे दिला. चौकशी कोण करतो आणि तो कोणाला बांधील आहे, हा बडोद्याचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी परीक्षेच्या पुस्तकात ती तीन नावं आली, तर तिसऱ्यापाशी जरा थांबा. स्वतःचा पगार कापणारा आणि सरकारला न आवडणारं मत देऊन मोकळा होणारा माणूस त्या नावामागे आहे. त्याने आपलं काम चोख केलं. त्याच्या मताचं पुढे काय केलं, हे त्याला सांगायला सरकार बांधील नव्हतं. आपल्याला सांगायला मात्र आजचं सरकार बांधील आहे, पण ते आपण विचारलं तर.